माहेरची आणेवारी

आश्विनात ज्वारीच्या कणसांना एक कच्चा, दुधाळ वास असतो. दाणा नखाने दाबला की पांढरा थेंब बाहेर येतो. आणखी काही दिवसांनी तो थेंब पिठूळ होतो आणि त्यानंतर नख लागतच नाही. या तिन्ही अवस्थांना आमच्या प्रयोगशाळेत रीतसर नावे आहेत. परवा प्रयोगाच्या शेतांतून कापडी पिशव्यांत भरलेली कणसे आली. पहिली पिशवी सोडून मी टेबलावर वाकले आणि तो वास आला. पुण्यातली ती पांढरी भिंत, काचेची कपाटे, खिडकीबाहेरचा शिपाई, सगळे क्षणभर मागे सरकले. मी कुठे निघाले होते ते मला ठाऊक होते. धारवाडच्या पूर्वेला, जिथे तांबडी माती संपते आणि काळी सुरू होते, तिथे.

या मातीच्या सीमेविषयी कुणी लिहिलेले मी वाचलेले नाही, पण धारवाडच्या माणसाला ती पायांनी कळते. मळमड्डीत आम्ही राहत होतो. तिथे पावसाळाभर लुगड्याच्या काठांना तांबूस रंग चढे आणि आई तो धुऊन धुऊन थके. हुबळीच्या बाजूला दोन-तीन मैल गेले की उतार लागे, झाडी विरळ होई, आणि चाकांना चिकटणारी माती एकाएकी काळी होऊन जाई. पश्चिमेच्या केलगेरीच्या तळ्यावरून येणारी पावसाची जिरजिर इथवर पोचतापोचता थकलेली असे. एकाच जिल्ह्यात दोन हवामाने. शाळेत असताना मला त्याचा अभिमान वाटे, जणू ती मीच मांडून ठेवली होती.

यंदा वर्तमानपत्रांत पुन्हा ‘तहकुबी’ हा शब्द दिसू लागला आहे. युद्धाचे दिवस, साखर शिधापत्रिकेवर, आणि घरमालकीण कोजागिरीच्या दुधाला काय घालायचे या विवंचनेत. या सगळ्यात तो जुना सरकारी शब्द मला मंदीच्या सालात नेऊन सोडतो. तेव्हा मी नुकतीच बी.एस्‌सी. होऊन पुण्याहून घरी आले होते. पुढच्या शिक्षणासाठी अर्ज केला होता आणि उत्तराची वाट पाहत होते. घरात त्याविषयी कुणी बोलत नसे. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पगारात कपात झाली होती. आईने भाजीत खोबरे घालणे बंद केले होते आणि त्याचे कारण ती ‘पित्त’ असे सांगे.

मंदी दिसते कशी, असे मला आज कुणी विचारले तर मी म्हणेन, ती ऐकू येते. हुबळीतल्या जिनिंगच्या कारखान्यांचे भोंगे त्या साली वाजेनासे झाले. रस्त्याने कापसाच्या गाड्या रांगेने जात आणि त्यांच्या आसांचा कुरकुराट मळमड्डीतल्या आजारी माणसांना पहाटे जागे करी. तो कुरकुराट थांबला. कापूस होता, पण घेणारा नव्हता. जोंधळा बाजारात नेला तर गाडीभाडे सुटत नसे. पीक आले तरी पंचाईत, आणि त्या वर्षी तर पीकही धड आले नाही. श्रावणात पावसाने पाठ फिरवली ती फिरवलीच.

अण्णा महसूल खात्यात सर्कल इन्स्पेक्टर होते. भाव कोसळल्याबद्दल सरकारजवळ काही उपाय नव्हता. उपाय होता तो पीक बुडाल्याबद्दल. त्यासाठी आणेवारी करीत. भरघोस पीक म्हणजे सोळा आणे. यंदाचे पीक त्याच्या मानाने किती आणे, हे गावोगाव जाऊन ठरवायचे. सहा आण्यांच्या खाली आले तर निम्मा शेतसारा तहकूब, चार आण्यांच्या खाली गेले तर सगळाच. तहकूब म्हणजे माफ नव्हे, पुढच्या चांगल्या वर्षावर ढकललेला. पण मंदीत श्वास घ्यायला मिळणे हीच मदत होती.

मला हे प्रकरण फार आवडले होते. “पण मोजता कसे?” मी अण्णांना विचारले. ते कोट चढवीत होते.

“पाहतो. आणि गावच्या पंचांना विचारतो.”

“वजन करत नाही?”

“एवढ्या गावांत वजन करत बसलो तर पुढची दिवाळी येईल, सुमती. आकडे या दिवाळीच्या आत हवेत.”

“म्हणजे हे मोजमाप नाही, मत आहे.”

“सरकार मतालाच आकडा म्हणतं,” अण्णा म्हणाले, आणि टोपी शोधू लागले.

हुणशीकोप्प हे त्यांच्या हद्दीतले काळ्या मातीचे गाव. तिथली गंगव्वा आमच्या घरी कित्येक वर्षे लोणी आणि वांगी घेऊन येई. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, पण शिकलेली म्हणून ती मलाच ‘अक्का’ म्हणे. तिच्याशी आमचे बोलणे कानडीत चाले. त्या वर्षी ती लोणी आणत नव्हती, कारण म्हशीला घालायला सरकी उरली नव्हती. वांगी मात्र आणली, आणि नेहमीप्रमाणे सीगी हुण्णिवीचे आमंत्रण दिले. आपल्याकडे जी कोजागिरी, तीच त्यांची सीगी हुण्णिवी. आम्ही चंद्राकडे बघत दूध पितो. ते भरदिवसा शेतात जाऊन उभ्या पिकाची ओटी भरतात. दाणा भरू लागलेली भूमी पोटुशी असते, तिचे ते डोहाळजेवण.

ओसरीच्या पायरीवर बसून गंगव्वा म्हणाली होती, “यंदा तहकुबी मिळाली तर करिया-बिळिया राहतील. नाही तर शनिवारी हुबळीला.” करिया आणि बिळिया ही तिची बैलजोडी, एक काळा आणि एक पांढरा. हुबळीच्या बाजारात त्या दिवसांत बैल स्वस्त झाले होते, कारण सगळेच विकायला नेत होते. “विकले तर विकले,” ती पुढे म्हणाली, “पण वैशाखात नांगराला मी स्वतःला जुंपू की नवऱ्याला?” आणि ती हसली. तिच्या हसण्यात मला हिशेब ऐकू आला. बैल गेले तर पेरणी गेली, पेरणी गेली तर जमीन दुसऱ्याच्या हातात जाणार.

अण्णांनी हुणशीकोप्पच्या पाहणीला नेमका हुण्णिवीचा दिवस निवडला. एरवी पाच पंच पाच दिशांना असतात, त्या दिवशी सगळे शेतातच सापडतील, म्हणजे एका खेपेत काम होईल, असा त्यांचा विचार. मला तो अतिशय शास्त्रशुद्ध वाटला. शिवाय मला आमंत्रण होतेच. आम्ही एकाच दमणीतून निघालो, बापलेक, दोघेही आपापल्या कामाला.

तो सकाळचा प्रवास अजून डोळ्यांपुढे आहे. उतार संपल्यावर दोन्ही बाजूंना जोंधळा, पण त्याची उंची एकसारखी नव्हती. सखल भागात माणसाच्या डोक्याइतका, उंचवट्यावर कमरेपर्यंत. बांधावर करडईच्या कोवळ्या रोपांची रांग. हवेत अंबाडीचा आंबट वास. आणि शेताशेतातून एक हाक, मग तिला उत्तर: “हुलिग्यो, हुलिग्यो”, आणि दुसऱ्या टोकाकडून “चळांबरिग्यो”. पुरुष टोपलीतले अन्न मुठीमुठीने पिकावर उधळीत चालले होते. त्याला चरग म्हणतात. भूमीने आधी जेवायचे, मग माणसांनी. गाडीवान म्हणाला, “ऐका, आपला हुणशीकोप्पचा आवाज मोठा आहे. ओढ्यापलीकडचे माविनहाळकर बेडकासारखे ओरडतात.” माविनहाळ म्हणजे शेजारचे गाव, आणि गंगव्वाचे माहेर.

गंगव्वाच्या शेतात मधोमध पाच दगड चुन्याने रंगवून मांडले होते. त्यांच्या मागच्या जोंधळ्याच्या ताटांना हिरवे लुगडे गुंडाळले होते आणि एका ताटाला हिरव्या बांगड्या अडकवल्या होत्या. वाऱ्याने त्या किणकिणत. समोर केळीच्या पानांवर पुरणाचे कडबू, भरली वांगी, कडक भाकरी, दहीभाताची बुत्ती, शेंगांची चटणी. मंदीचे वर्ष त्या पानांवर कुठे दिसत नव्हते. बहुधा त्या एका दिवसासाठी घरात उरलेले सगळे तिथे आले होते.

गावचा गौडा, म्हणजे पाटील, सत्तरीचा होता. फेट्याखालून पांढरे कल्ले आलेले. गंगव्वाचा नवरा फकीरप्पा आणि आणखी तिघे पंच त्याच्याभोवती बसले होते.

“या रावसाहेब,” गौडा म्हणाला. “आज तुमचं काम नाही, आमचं काम. आधी जेवा.”

“जेवतो, गौडर. त्याआधी एकच विचारतो. यंदाचं पीक किती आणे धरायचं?”

गौड्याने पाच दगडांकडे पाहिले, मग लुगडे नेसलेल्या ताटांकडे. “तुंब आहे,” तो म्हणाला. तुंब म्हणजे काठोकाठ.

“तुंब म्हणजे?”

“म्हणजे सोळा आणे.”

अण्णांना वाटले असावे, म्हातारा थट्टा करतो आहे. ते फकीरप्पाकडे वळले.

“गौडांनी सोळा सांगितलं, मी कमी कसं सांगू? सोळा.”

“आणि तुम्ही?”

तिसरा पंच म्हणाला, “सतरा म्हणायची सोय असती तर सतरा म्हटलं असतं, साहेब.”

कुणी हसले नाही. उरलेले दोघेही सोळाच म्हणाले. माझ्या हाताशी एक ताट होते. मी कणीस वाकवून पाहिले. शेंड्याकडचे बोटभर सोडले तर खालची बोंडे पोकळ होती. नखाने दाबले तर थेंब आला नाही, नुसते तूस बोटाला चिकटले. मी फकीरप्पाच्या कमरेच्या विळ्याकडे हात केला. एक चौरस कापून, झोडून, तोलून दाखवला की वाद संपला, इतके ते सोपे होते. तेवढ्यात गंगव्वाने माझे मनगट धरले. “विळा नको, अक्का,” ती म्हणाली. “आज तर नकोच.” आणि मला हात धुवायला म्हणून ओढ्याकडे घेऊन गेली.

ओढ्यात पाणी नावालाच होते. ती दगडावर उभी राहून पदराला हात पुसत होती, पुसून झाले तरी पुसत होती.

“तुम्ही सगळे खोटं का सांगता आहात?” मी विचारले. माझा स्वर परीक्षकाचा असणार.

“तुमच्या थोरल्या बहिणीच्या डोहाळजेवणाला तुम्ही होता ना?”

“होते.”

“तिथं कुणी म्हणालं का, पोट लहान दिसतं म्हणून?”

“मनात आलं असेल कुणाच्या.”

“मनात येऊ दे. तोंडात येऊ नये.” तिने शेताकडे मान केली. “ऐकते ती.”

“पण सरकार मनातलं लिहून घेत नाही, गंगव्वा.”

“कळतं मला. काल आले असते रावसाहेब, तर गौडांनी रडून सांगितलं असतं. ओटी भरली ती आज सकाळी. आता सुग्गी होईपर्यंत, धान्य खळ्यात येईपर्यंत, सासरच्या माणसानं तिला कमी म्हणायचं नाही.”

“आणि तोवर बैल?”

पलीकडच्या काठावर माविनहाळचे लोक चरग उधळीत होते, त्यांची हाक आली. तिने त्या आवाजाकडे पाहिले आणि तिचा चेहरा किंचित सैल झाला. त्या आवाजांत तिचा भाऊ होता.

मी परत येऊन अण्णांना सगळे सांगितले. ते मराठीत, हलक्या आवाजात बोलले. “माझ्या लक्षात यायला हवं होतं. आयुष्य गेलं या जिल्ह्यात.”

“तुम्हीच पाच लिहा. त्याहून जास्त नाही, तुम्ही पाहिलंय.”

“लिहीन. वर विचारतील, शेतकरी स्वतः सोळा म्हणतो आणि तुम्हाला पाच कुठून दिसले? कुणाकडून काही घेतलं का, हेही विचारतील. खोडून टाकतील एका रेघेत.”

आम्ही पानावर बसलो. ज्या जोंधळ्याविषयी कुणी खरे बोलू शकत नव्हते, त्याच्या सावलीत आम्ही मागल्या वर्षीच्या जोंधळ्याची भाकरी मोडत होतो. अण्णांनी ओढ्यापलीकडे बोट दाखवून सहज विचारले, “माविनहाळचं कसं आहे यंदा?”

गौड्याचा चेहरा उजळला. “माविनहाळ? त्याला पीक म्हणता, रावसाहेब? कोंबडी आत सोडली तर उपाशी बाहेर येईल.”

“कोंबडी कशाला जाईल,” फकीरप्पा म्हणाला. “तिला लाज नाही का?”

“हळू बोला, माझं माहेर आहे ते,” गंगव्वा वाढता वाढता म्हणाली, आणि पंचांत पहिल्यांदा हशा पिकला.

मी घास खाली ठेवला. एखादे उपकरण एका दिशेने अडकले असेल तर ते दुसऱ्या दिशेने चालते का हे बघायचे, एवढेच मला शिकवलेले होते. “अण्णा,” मी मराठीत म्हणाले, “यांना यांच्याविषयी विचारू नका. माविनहाळच्या पंचांना इकडे बोलवा, आणि यांना तिकडे न्या.”

अण्णा विचारात पडले. पंच माहितगार हवेत, एवढीच अट होती, आणि ओढ्याच्या या काठाची माहिती त्या काठाला नसेल असे कोण म्हणणार? त्यांनी ते गौड्यापुढे मांडले. गौड्याने हातातला कडबू पानावर ठेवला.

“माविनहाळकरांनी येऊन आमच्या शेतावर बोलायचं? आज? ओटी भरलेल्या दिवशी?” तो ओरडला नाही, पण सगळ्यांची जेवणे थांबली. “सारा भरू. बैल विकू. पण ते नको.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. संपले, असे त्यांच्या डोळ्यांत होते.

गंगव्वा गावची सून. गौड्याला ती मामा म्हणे, पण त्याच्याशी थेट बोलत नसे. ती नवऱ्याकडे तोंड करून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मामांना विचारा, माझं पहिलं बाळंतपण होतं तेव्हा माझा भाऊ आला होता. अंगणात उभा राहून म्हणाला, आमची पोर वाळली, तुम्ही हिला खायला घालत नाही काय? तेव्हा मामा रागावले होते का?”

फकीरप्पाने गौड्याकडे पाहिले.

“रागावले नव्हते,” तिनेच उत्तर दिले. “म्हणाले, माहेरच्यांनी नाही म्हणायचं तर कुणी? त्यांच्या तोंडून अपशकुन होत नाही. या गावातल्या निम्म्या सुना माविनहाळच्या, तिकडच्या निम्म्या इथल्या. मग भूमीचं माहेर दुसरं कुठलं?”

एक टिटवी ओरडत शेतावरून गेली. गौड्याने पानावरचा कडबू पुन्हा उचलला आणि हळूहळू, पूर्ण चावून खाल्ला. मग म्हणाला, “बोलवा. पण रिकाम्या हातानं येऊ नका म्हणावं.”

आले ते रिकाम्या हाताने आले नाहीत. गंगव्वाचा भाऊ मल्लप्पा आणि त्याच्या गावचे दोघे पंच ओढा ओलांडून आले, तेव्हा त्यांच्याजवळ टोपलीभर कडबू होते आणि एक हिरवा खण. खण कुणाच्या घरून एवढ्या लवकर आला ते मला कधीच कळले नाही. मला शंका आहे, मल्लप्पाच्या बायकोने तो त्यांच्याच शेतातल्या पूजेवरून उचलला असावा. त्याने खण बांगड्यांच्या ताटावर ठेवला, नमस्कार केला, आणि सोयरा म्हणून जी काही ऐट करायची ती करून घेतली.

“काय फकीरप्पा, पोरीला पाणी दिलं नाहीस?”

“मी देणारा कोण? वरच्यानं दिलं नाही.”

“सासरचे सगळे असंच म्हणतात.”

मग मात्र तो गंभीर झाला. ओळीतून आत गेला. आम्हाला फक्त त्याचा फेटा दिसत होता, कधी थांबणारा, कधी खाली वाकणारा. बराच वेळ तो बाहेर येईना. गंगव्वा पानांवरच्या माशा हाकीत बसली होती आणि तिचे लक्ष माशांकडे नव्हते. शेवटी तो आला. बहिणीकडे न पाहता अण्णांना म्हणाला, “वाळली आहे. पाच आणे.”

“पाच?”

“पाच.” त्याच्या मागच्या दोघांनी माना हलवल्या.

मग मंडळी ओढ्यापलीकडे गेली. ज्या गौड्याने कोंबडीची थट्टा केली होती, तो माविनहाळच्या पाच दगडांपुढे हात जोडून बराच वेळ उभा राहिला. खण म्हणून त्याने आपला खांद्यावरचा नवा टॉवेल वाहिला. ओळीतून फिरून आला आणि म्हणाला, “पाच.” मग थांबून, “आमच्या पाचापेक्षा थोडे बरे पाच.” माविनहाळकरांनी हे शांतपणे ऐकून घेतले. सोयऱ्याला मान द्यावा लागतो.

परतीच्या वाटेवर ऊन कलले होते आणि जोंधळ्याच्या पानांच्या कडा पिवळ्या दिसत होत्या. अण्णा म्हणाले, “वर विचारतील, दुसऱ्या गावचे पंच का? सांगेन, निःपक्षपातासाठी.” मी हसले. तेही हसले. पगारकपातीनंतर ते तसे हसलेले मी पाहिले नव्हते. घरी आईने आटवलेले दूध तयार होते, केशर नव्हते, जायफळ होते. त्याच आठवड्यात माझ्या अर्जाचे उत्तरही आले. जागा मिळाली होती, पण ती जूनपासून.

मार्गशीर्षात हुकूम निघाला. दोन्ही गावांचा निम्मा सारा तहकूब.

सुग्गी आटोपली तेव्हा मी पुन्हा हुणशीकोप्पला गेले. खळ्यात धान्याची रास होती. खरे तर रास म्हणावी अशी ती नव्हती, शेणाने सारवलेल्या वर्तुळाच्या मधोमध एक उंचवटा होता. गंगव्वाचा भाऊ मळणीला आला होता. आता भूमी बाळंत झाली होती, बोलायला मोकळीक होती.

“हे पाच आणे नाहीत, मल्लप्पा,” मी म्हणाले.

“नाहीत.”

“चारही नाहीत.”

“तीन असतील,” तो म्हणाला. “जास्तीत जास्त.”

“मग पाच का सांगितलंत? चारच्या खाली सांगितलं असतं तर सगळा सारा थांबला असता.”

त्याने सुपातले धान्य वाऱ्यावर सोडले. भुसा माझ्या बाजूला आला, दाणे त्याच्या पायाशी पडले. “ठाऊक होतं मला,” तो म्हणाला. “ओळीत उभा राहून तीन म्हणायचं ठरवलं होतं. बाहेर आलो तर ही तिथं माशा हाकत बसलेली. बहिणीच्या शेतात उभं राहून तीन कसं म्हणू, अक्का? पाच म्हणतानाच जीभ जड झाली होती.”

“आणि गौडा?”

“त्यालाही ठाऊक होतं. तोही पाचच म्हणाला.”

आज माझा सगळा वेळ याच प्रश्नात जातो. पीक मोजायला कुणाला पाठवावे, त्याने शेतात कुठे उभे राहावे, जागा त्याच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठी टाकून कशी ठरवावी. आम्ही माणूस दुसऱ्या तालुक्यातून पाठवतो, आणि ज्या शेतात तो जातो तिथे जेवू नये असा आमचा दंडक आहे. तो दंडक मीच घातला. सासरच्या सोळांपासून खऱ्या तिनांपर्यंत यायचे होते, माहेर पाचांपर्यंत घेऊन आले. उरलेले दोन आणे मायेचे होते आणि ते कुठल्याही तक्त्यात बसत नाहीत, म्हणून मी विळा आणि तराजू मागते. माझे सहकारी मला कोरडी समजतात. समजोत. चौरस कापताना ज्यांचा हात थरथरला नाही त्यांनीच आकडे पाठवावेत, असे मला मनापासून वाटते. तरीही त्या दिवशीचा पाच हा आकडा मला आजवर कुणी दिलेल्या आकड्यांत सर्वांत जवळचा वाटतो. कशाला जवळचा, ते मला अजून नीट मांडता आलेले नाही.

निम्म्या तहकुबीने निम्मे काम केले. उरलेल्या साऱ्यासाठी करिया हुबळीच्या बाजारात गेला. बिळिया राहिला. माविनहाळला मल्लप्पाच्या घरीही तेच झाले, एक गेला आणि एक राहिला.

पुढच्या शिक्षणासाठी निघण्याच्या आदल्या आठवड्यात मी गंगव्वाचा निरोप घ्यायला गेले. ज्येष्ठ होता, पेरणीची घाई होती. शेतात तिफण चालू होती आणि तिला एका जुवाखाली दोन बैल जुंपले होते, बिळिया आणि मल्लप्पाचा ठेंगणा तांबडा बैल. उंची जुळत नव्हती, जू तांबड्याकडे कलत होते, त्यामुळे तास थोडा तिरका जात होता. गंगव्वा तिफणीमागे चाड्यात बी सोडत चालली होती. बी सोडताना बोलत नाहीत. ओळ संपल्यावर तिने माझ्याकडे पाहिले.

“एवढा तुकडा झाला की बैल तिकडे पाठवायचे,” ती म्हणाली. “दुपारनंतर मल्लप्पाची पेरणी. तुम्ही त्याच वाटेनं जाणार ना?”

मी थांबले. पेरणी झाल्यावर फकीरप्पाने बैल सोडले नाहीत, जू तसेच ठेवून ते ओढ्याकडे वळवले. पाणी घोट्याइतके होते. मध्यावर बिळिया थांबला. पलीकडचा काठ त्याच्या ओळखीचा नव्हता. फकीरप्पाने हाक मारली, शेपटी पिळली, तो हलेना. तांबड्याने मात्र घराची वाट ओळखली होती. त्याने मान खाली घातली, खांद्याने जू पुढे ओढले, आणि दोघेही माविनहाळच्या काठावर चढले.